तिरोडीची गाडी आणि नूडल्सची हातगाडी

संध्याकाळ झाली की तुमसरच्या रस्त्याकडेला लाल रंगाची हातगाडी उभी राहते. वर ठळक अक्षरांत ‘चायनीज’. साकोली, पवनी, लाखनी, आपल्या भंडारा जिल्ह्यात कुठेही जा, अशी गाडी दिसतेच. कढईखाली मोठा जाळ, बारीक चिरलेली कोबी, सोया सॉस, आणि आधीच उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स. कॉलेजात असताना मी त्या पहिल्यांदा खाल्ल्या. घरी येऊन वर्णन केले, तर अम्मी म्हणाली, ‘म्हणजे तिखट शेवयाच ना?’

तिचे काय चुकले? ईदच्या आधी आमच्या गल्लीत शेवयांचे एकच यंत्र घरोघर फिरायचे. खाटेच्या कडेला ते घट्ट बसवायचे, एकीने पीठ घालायचे, दुसरीने दांडा फिरवायचा. आमच्याकडून ते यंत्र शेजारच्या काकूंकडे जाई. त्यांच्या शेवया आमरसाबरोबर, आमच्या शिरखुर्म्यात. पीठ तेच, मळणेही तेच.

परवा त्याच हातगाडीवर भाच्याने विचारले, ‘मामू, चीनमध्ये असेच खातात का?’ प्रश्न साधा होता, पण उत्तराला इतिहासात शिरावे लागले.

चिनी माणसे कोलकात्याच्या परिसरात येऊन राहू लागली ती 18व्या शतकाच्या अखेरीस. नंतर आलेल्यांत हक्का लोक बरेच होते. हे मूळचे दक्षिण चीनचे. कोलकात्याच्या टांगरा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले, पुढे खानावळीही काढल्या. हातगाडीच्या पाटीवरचे ‘हक्का नूडल्स’ हे नाव त्यांचेच. 1975 मध्ये कोलकात्यात वाढलेले नेल्सन वांग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची परतून घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि त्यात कोंबडीचे तुकडे सोडले. हेच ते ‘चिकन मंचुरियन’. मंचुरियाशी त्याचे नाते नावापुरतेच! म्हणजे आपल्यापर्यंत आले ते दक्षिणेकडच्या लोकांच्या हातचे आणि आपल्या फोडणीतून निघालेले चिनी जेवण.

उत्तर चीनची गोष्ट वेगळी. तो गव्हाचा मुलूख. पिवळ्या नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया या ठिकाणी एका उपड्या वाडग्याखाली सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या, भरडधान्याच्या शेवया सापडल्या. 2005 मध्ये ही बातमी जगभर गेली. याच नदीच्या खोऱ्यात खाली शान्शी प्रांत आहे. तिथे कणीक मळून मुरत ठेवतात, मग दोन्ही हातांनी ताणून फळीवर आपटतात. कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद नूडल तयार होते. ती उकडायची, वर मिरचीपूड, लसूण, कांद्याची पात ठेवायची आणि धूर निघेपर्यंत तापवलेले तेल ओतायचे. चर्र आवाज होतो. आपल्या फोडणीची सख्खी बहीण म्हणा! गंमत म्हणजे ती मिरचीसुद्धा तिथली नव्हे. अमेरिका खंडातून समुद्रमार्गे ती तिकडे गेली, तशीच आपल्याकडेही आली. शान्शीची राजधानी शीआन. तिथे शेकडो वर्षांपासून मुसलमान वस्ती आहे. मटणाच्या रश्श्यात रोटी कुस्करून खाण्याची त्यांची रीत आमच्या घरात कुणालाही परकी वाटणार नाही.

शान्शीचे हे जेवण घेऊन आपल्याकडे कुणी खानावळवाला आला नाही. पण शान्शीचा एक माणूस मात्र आपल्या अगदी शेजारी येऊन राहिला. त्याचे नाव वांग छी.

शीआनला लागून श्यानयांग आहे. तिथल्या शेतकरी घरातला हा मुलगा चिनी सैन्यात मोजणीचे काम करी. 1962 चे युद्ध थांबल्यावर, जानेवारी 1963 मध्ये, तो भारताच्या हद्दीत सापडला. आपण वाट चुकलो होतो, असे त्याने पुढे सांगितले. सहा-सात वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. 1969 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाली आणि पोलिसांनी त्याला आणून सोडले ते बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला. तिरोडी म्हणजे आपल्या तुमसर रोडवरून गोबरवाहीमार्गे गाडी जाते ते मँगनीजच्या खाणींचे गाव. मधली राज्याची सीमा 1956 ची. त्याआधी दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेशात होते.

गव्हाच्या देशातला हा माणूस धानाच्या मुलखात आला आणि काम मिळाले ते पिठाच्या गिरणीत! लोक त्यांना ‘राज बहादूर’ म्हणू लागले. तिथेच लग्न झाले, मुलेबाळे झाली. पण घरी जायला कागदपत्रे नव्हती. ती जुळून येईपर्यंत 2017 चा फेब्रुवारी उजाडला. 54 वर्षांनी त्यांनी आपले गाव पाहिले. वाट पाहणारी आई 2006 मध्येच वारली होती.

त्याच युद्धाच्या वेळी आसाम आणि बंगालकडच्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले गेले. त्यांतले कित्येक जण इथेच जन्मलेले होते. त्यांची दुकाने गेली, घरे गेली, पुष्कळ जण देश सोडून गेले. आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्यांच्या जेवणाची हातगाडी गावोगाव पोचली. पदार्थाला आपण लगेच घरात घेतले. माणसांच्या बाबतीत मात्र आपला हात आखडला.

म्हणून हातगाडीवरचे चायनीज अस्सल की नक्कल, या वादात मला आता रस वाटत नाही. अम्मीने एका वाक्यात त्याला शेवयांच्या गोतात बसवले होते, ते मला पुरेसे आहे. बोचते ते वेगळेच.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. ताटली खाली ठेवत तो म्हणाला, ‘मग मामू, तुम्ही त्यांना भेटायला गेला होता का? त्यांच्या आईच्या हातचे कसे लागायचे, ते विचारले का?’

मी मान हलवली. तिरोडीची गाडी आमच्याच स्टेशनावरून सुटते. इतक्या वर्षांत मी कधी तिचे तिकीट काढले नाही.