‘अस्सल प्रतिकृती’ : एक तळटीप

* ‘अस्सल प्रतिकृती’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघात वाटला तरी नेमका आहे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या ल्यूकची प्रकाशतलवार म्हणजे मुळात ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची जुनी मूठ, वर पट्ट्या चिकटवलेली. म्हणूनच तिची प्रतिकृती घडवणारे चाहते पडद्यावरच्या चित्रावर न थांबता त्या मुठीचे पितळ, त्यावरचा मुलामा, तिची मापे शोधत राहतात. मुंबईत भुलेश्वरच्या भोईवाड्यातला इमिटेशन दागिना सोन्यासारखा दिसला की पुरे, मग इथेच एवढा अट्टहास कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. पण दागिना घालणारीला शोभावा एवढ्यासाठीच घडतो. प्रतिकृतीला मूळ वस्तू कशी घडली तेही सांगायचे असते. प्लास्टिकची मूठ हुबेहूब दिसेल, मात्र कारखान्यातली तयार वस्तू उचलून तिच्यात शस्त्र पाहणाऱ्या सजावटकाराची (माझ्या मते थोर) नजर तिच्यातून पुसली जाते.