बुरशीजन्य न्यूमोनिया : प्रतिकारशक्ती खालावलेल्यांतील वेगळी रूपे

बुरशीच्या संसर्गाने होणारा फुफ्फुसांचा दाह. बुरशीचे बीजाणू सगळ्यांच्याच श्वासात जातात. पण एचआयव्ही, हाताबाहेर गेलेला मधुमेह, केमोथेरपी, अवयवरोपण किंवा दीर्घकाळची स्टेरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती खालावली की ते जिवावर बेततात. ताप, बेडका आणि एक्स-रेवरचा डाग ही बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकाराचीच लक्षणे असल्याने या रुग्णांत ती अर्धवट दिसतात, कधी दिसतही नाहीत.

सातारा-सांगलीत त्यात क्षयाची भर पडते. महिनाभराचा खोकला, घटलेले वजन आणि थुंकी निगेटिव्ह, एवढ्यावर क्षयाच्या गोळ्या सुरू होणे इथे नवलाचे नाही. २०००च्या दशकात हे दोन्ही जिल्हे राज्यातील एचआयव्हीचा जोर असलेल्या जिल्ह्यांत मोडत, त्यामुळे या न्यूमोनियाची क्षयाशी गल्लत होण्यास वाव मोठा होता. शिवाय दोन्ही आजार एकाच रुग्णात असू शकतात.

सर्वांत फसवी बुरशी न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी. लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांत ती आढळल्याचे जून १९८१मध्ये प्रसिद्ध झाले आणि एड्सची पहिली नोंद झाली. एचआयव्ही असलेल्यांत सीडी४ या प्रतिकारक पेशी २००च्या खाली गेल्यावर धोका वाढतो. खोकला कोरडा, स्टेथोस्कोपला काही लागत नाही, एक्स-रेही स्वच्छ असू शकतो. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ असलेला रुग्ण व्हरांड्यात एक फेरी मारून आला की ऑक्सिमीटर ८६ दाखवतो. ही साधी चाचणी एक्स-रेहून बोलकी ठरते. क्वचित क्षयासारखे फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग, गाठी किंवा पोकळ्या दिसतात. पोकळी फुटली तर छातीत हवा भरते. स्टेरॉइड घेणाऱ्यांत व कर्करुग्णांत जंतू थोडे, पण आजार काही दिवसांतच बळावतो. या बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नसल्याने ॲम्फोटेरिसिन व फ्लुकोनॅझोल निरुपयोगी. स्वस्तातले को-ट्रायमोक्साझोल मात्र लागू पडते.

क्रिप्टोकॉकस कधी कर्करोगाच्या एकट्या गाठीसारखा दिसतो. जोडीला डोकेदुखी असेल तर पाठीतले पाणी तपासावे. २०२१च्या कोविड साथीत गाजलेला म्युकर नाका-डोळ्यांपुरता राहत नाही; मधुमेह्यांच्या फुफ्फुसातही उतरतो. सीटी स्कॅनवरचे उलटे वलय ही त्याची खूण, पण एकट्या त्याचीच नव्हे.

ॲस्परजिलस या बुरशीवर व्होरिकोनॅझोल देतात. तासगावसारख्या द्राक्षपट्ट्यात फवारली जाणारी हेक्झाकोनॅझोल, टेब्यूकोनॅझोल ही बुरशीनाशके त्याच कुळातली. या औषधांना दाद न देणारा ॲस्परजिलस भारतात रुग्णांत आणि शेतमातीतही सापडला आहे.