हापसा कुठे बसवायचा

१९७३ सालचा मार्च. नगरहून निघालेली एसटी कडा, आष्टी करत तुम्हाला जामखेडला उतरवते. वाटेत रस्त्याच्या कडेला बायाबापड्या खडी फोडताना दिसल्या. पावसानं दगा दिलाय. विहिरींचे तळ उघडे पडलेत, जनावरं मिळेल त्या भावाला बाजारात गेलीत आणि घरोघरी रेशनच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आहे. याच तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर बारवा आणि घाट बांधले. त्यांच्या माहेरच्या मुलखात आज घागरभर पाण्यासाठी पायपीट चाललीय.

तुम्ही समाजकार्याचे विद्यार्थी आहात. खांद्याच्या पिशवीतल्या वहीत तीन शब्द उतरवून आणलेत : व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन. १९३६ साली टाटांच्या देणगीतून आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारानं मुंबईत समाजकार्याचं पहिलं विद्यालय निघालं. तिथून हा अभ्यासक्रम देशभर गेला. परीक्षेत तिन्ही शब्दांच्या व्याख्या तुम्ही चोख लिहाल. पण ते गावात कसे दिसतात, हे अजून पाहिलेलं नाही.

पत्ता विचारत तुम्ही पोचता, तर समोर गुरांचा जुना दवाखाना. माणसांचा दवाखाना इथेच सुरू झाला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली इथे आलं. दोघं वेल्लोरला शिकलेली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेली. त्याआधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं रुग्ण तपासले होते. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. आजार घरात होता, पाण्यात होता, रिकाम्या ताटात होता. इथल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती.

तुम्हाला वाटतं, आता औषधांची पेटी उघडेल. उघडते ती गावकऱ्यांशी बोलणी. लोकांना दवाखान्याआधी पाणी हवंय, अन्न हवंय. मग काम पाण्यापासूनच सुरू होतं. संध्याकाळी डॉक्टर तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळतात. वेगवेगळ्या जातींची पोरं एका बाजूला उभी राहून चेंडू उडवतात आणि खेळ संपला की तिथेच बसून बोलतात. त्या गप्पांतून पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली. वहीतलं गटकार्य ते हेच, पण इथे त्याला कुणी नाव देत नाही.

आता थोडं थांबा, कारण पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोअर घ्यायचं ठरलंय. पाणी कुठे लागेल, हे तज्ज्ञ सांगणार. जागा एकापेक्षा जास्त निघू शकतात. गावाच्या मध्यात हापसा बसवला, तर सवर्णांची सोय होणार आणि गावकुसाबाहेरच्या बायकांनी पूर्वीसारखंच दूर उभं राहून कुणी घागरीत पाणी ओतेल याची वाट पाहायची. म्हणून आरोळे तज्ज्ञाला गाठतात आणि हापसा दलितवस्तीत बसेल असं पाहतात.

पहिलं पाणी येतं त्या दिवशी तुम्ही तिथे उभे राहा. वस्तीतली पोरं दांड्याला लोंबकळताहेत. वाड्यातली सून डोक्यावरचा पदर सावरत लांबवरच घुटमळते. तिची घागर रिकामी आहे आणि घरी तान्हं मूल आहे. ती पुढे येते, रांगेत उभी राहते. भाषण कुणी करत नाही. अस्पृश्यता वाईट, हे सांगणारी भाषणं या गावानं पुष्कळ ऐकलीत. हापशाची जागा ठरवणाऱ्यानं मात्र एका दिवसात सगळ्या गावाची वाट बदलली. पण एक ध्यानात घ्या : महिनोन्महिन्यांची ओळख पाठीशी नसती, तर त्याच हापशापायी वस्तीवर दगड पडले असते. विश्वास आधी, निर्णय नंतर. नुसत्या धाडसानं घाई करणाऱ्याची किंमत दुसरेच मोजतात.

काही वर्षं पुढे चला. शिकलेल्या नर्सबाईंना गावोगाव ठेवण्याचा बेत जमला नाही, म्हणून गावानंच आरोग्य सेविका म्हणून आपली बाई निवडायची असं ठरलं. आल्या त्या बहुतेक निरक्षर. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी दलित, कुणी चारचौघांत स्वतःचं नाव सांगायलाही कचरणारी. दर आठवड्याला त्या शिकायला जामखेडला मुक्कामाला येतात. आज रात्री त्यांच्यात बसा. एकत्र रांधलेलं जेवण झालंय आणि झोपायला आहे ती एकच मोठी वाकळ. मराठ्याची बाई एका टोकाला अंग चोरून पडते. पहाटे थंडी वाढते, तशी वाकळ ओढता ओढता सगळ्याच एकमेकींना खेटतात.

सकाळी त्यांच्यापैकी एकीबरोबर तिच्या गावी जा. ती घरं मोजत हिंडत नाही. कुठे पोटुशी बाई आहे, कुठे दोन महिन्यांचं मूल, हे तिला ठाऊक आहे. एका झोपडीत बाळाला ढाळ लागलेत, टाळू खाली गेलीय. पाणी दिलं तर ढाळ वाढतील, असं म्हणून सासूनं पाणी तोडलंय. ती सासूशी वाद घालत नाही. चुलीजवळ बसते, उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालते, आधी स्वतः चाखते, मग सासूला चाखायला देते, आणि चमचा आईच्या हाती. दर थोड्या वेळानं एक चमचा. बाळंतपणात नाळेसाठी नवं पातं आणि उकळलेला दोरा, हेही तिनंच या घराला शिकवलंय. पूर्वी जिच्या हातचं पाणी या घरात चाललं नसतं, तिच्या हातचं पाणी आज त्यांचं मूल पितंय.

१९७६पर्यंत या गावांतला बालमृत्यूचा आकडा १७६वरून ५२वर आला. १९७८ साली अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत याच वाटेनं जाणारी ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११मध्ये. त्यानंतरही देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येत राहिले आणि शिकवणाऱ्यांत गावातल्या या आरोग्य सेविका होत्या.

आता वही उघडा आणि तुम्ही ज्या गावात किंवा वस्तीत क्षेत्रकार्याला जाता तिथला नकाशा काढा. हापसा, अंगणवाडी, रेशन दुकान, दवाखाना यांच्या खुणा करा. मग विधवा आणि टाकलेल्या बायकांची घरं, भूमिहीनांची घरं, भटक्यांची पालं दाखवा. नकाशा पुरा झाला की पुढच्या आठवड्यात कुणाच्या दारी आधी जायचं, ते खाली लिहा.