सजग स्वप्न : निद्रापक्षाघाताचा मार्ग

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी स्पष्ट जाणीव ज्यात राहते त्यास सजग स्वप्न म्हणतात. आणि मन जागे झाले आहे, डोळे उघडले आहेत, परंतु हात उचलत नाही व जीभ वळत नाही, अशी जी काही क्षणांची किंवा फार तर काही मिनिटांची अवस्था झोप लागताना अथवा मोडताना येते, तिला निद्रापक्षाघात म्हणतात. या दुसऱ्या अवस्थेतून पहिलीत जाणीवपूर्वक उतरण्याची, व त्यासाठी ती अवस्था मुद्दाम ओढवून आणण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांतील स्वप्नाभ्यासकांत आणि हौशी साधकांत रूढ झाली, तिचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. मेंदूतील रक्तस्रावाने वा गुठळीने जो पक्षाघाताचा झटका येतो त्याच्याशी या अवस्थेचा काडीमात्र संबंध नाही, ही वाचकाची खातरजमा आरंभीच झालेली बरी. कारण ज्यांस हा अनुभव प्रथमच येतो त्यांपैकी कित्येकांस पुढील अनेक रात्री त्या शंकेनेच झोप लागत नाही.

या मार्गाचे मर्म रेम निद्रेत आहे. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की व नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली असे दाखवून दिले, की झोपेत ठराविक अंतराने पापण्यांखालची बुबुळे वेगाने फिरू लागतात आणि त्या वेळी उठवलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो; झोपेच्या याच टप्प्यास रेम निद्रा म्हणतात. रात्रभर सुमारे नव्वद मिनिटांची आवर्तने एकामागून एक चालतात. पहिल्या आवर्तनातील रेमचा कालखंड जेमतेम दहा मिनिटांचा असतो, आणि पहाटेकडे तो वाढत जातो. या कालखंडात मेंदूचा विद्युत्-आलेख जागेपणाच्या आलेखाजवळ येतो. शरीर मात्र सर्वस्वी सैल पडते. मेरुरज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंस चालना देतात त्यांच्यावर ग्लायसीन व गाबा या द्रव्यांचा दाब पडून त्या गप्प होतात, आणि त्यामुळे स्वप्नात धावणाऱ्याचे पाय अंथरुणात धावत नाहीत. फ्रान्समधील लिओं येथे मिशेल झूव्हे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील या शैथिल्याचे नियमन करणारा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे गाढ रेम निद्रेत असताना उठून उभी राहू लागली आणि समोर नसलेल्या भक्ष्यावर दबा धरू लागली. शैथिल्य हे निसर्गाने केलेले संरक्षण आहे, याचा यापेक्षा बोलका दाखला मिळणे कठीण.

हे शैथिल्य ओसरण्यापूर्वीच शुद्ध परत आली, किंवा शुद्ध हरपण्यापूर्वीच ते अंगावर चढले, म्हणजे निद्रापक्षाघात होतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांवर या शैथिल्याचा अंमल चालत नाही, म्हणून बुबुळे फिरवता येतात आणि श्वास आपला आपण चालू राहतो. परंतु बरगड्यांमधले स्नायू सैल पडलेले असल्यामुळे मनुष्य मुद्दाम खोल श्वास घेऊ पाहतो तो साधत नाही, आणि कोणी छातीवर बसून गळा दाबीत आहे अशी त्याची बालंबाल खात्री होते. त्यातच स्वप्नाची यंत्रणा अजून चालू असते, ती खोलीतल्या खऱ्या भिंतींवर आपली चित्रे उमटवते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे ॲलन चेन यांनी या भासांचे तीन वर्ग पाडले : खोलीत कोणी शिरल्याची चाहूल, छातीवरील दडपण, आणि तरंगण्याचा वा देहाबाहेर पडण्याचा भास. पहिल्या दोहोंत भय असते. तिसऱ्यात पुष्कळदा आनंद असतो, आणि सजग स्वप्नाच्या साधकास जी वाट हवी असते ती या तिसऱ्यातूनच निघते.

भयाच्या बाजूचा इतिहास मोठा आहे. हेन्री फ्यूसेली याने १७८१ साली रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात निजलेल्या स्त्रीच्या छातीवर एक विक्राळ प्राणी बसलेला दिसतो. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांत म्हातारी चेटकीण येऊन बसते. जपानात या अवस्थेस कानाशिबारी म्हणतात. आणि आपल्याकडे भुताने छातीवर बसून दाबल्याची तक्रार सांगणारी माणसे खेड्यापाड्यांतच काय, शहरांतल्या चाळींतही भेटतात. वैद्यकाने या कैफियतीची दखल १८७६ साली घेतली, जेव्हा अमेरिकन चिकित्सक सायलस वियर मिचेल यांनी तिचे वर्णन लिहिले.

सजग स्वप्नाचा अभ्यास मात्र दीर्घकाळ आत्मकथनावरच चालला. डच मनोवैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १८९८ ते १९१२ या मुदतीत आपल्या अशा ३५२ स्वप्नांची नोंद ठेवली आणि १९१३ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. तथापि झोपलेला मनुष्य एकाच वेळी सावध कसा, हा आक्षेप कायम राहिला. त्याचा निकाल इंग्लंडमधील हल येथे एप्रिल १९७५ मध्ये लागला. कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत निजलेल्या ॲलन वर्स्ली यांनी, पूर्वी ठरल्याप्रमाणे, स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली, आणि ती आलेखपट्टीवर उमटली. जे शैथिल्य सर्व देहास बांधून ठेवते त्याच्या तावडीतून डोळे सुटलेले असतात, या एका गोष्टीवर हा सारा पुरावा उभा आहे. थोड्याच काळात स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले, आणि जागेपणातून थेट स्वप्नात जाण्याचा प्रकार व स्वप्नाच्या मध्येच जाणीव उमटण्याचा प्रकार असे दोन भेद शास्त्रात रुजवले. निद्रापक्षाघाताचा मार्ग पहिल्या प्रकारात मोडतो.

त्याची रीत अशी. साधक नेहमीच्या वेळी निजतो, साडेचार ते सहा तासांनी गजर लावून उठतो, अर्धा-पाऊण तास मंद उजेडात जागा राहतो, आणि पुन्हा अंथरुणास पाठ टेकतो. पहाटेकडे रेम निद्रेचा जोर असल्यामुळे या दुसऱ्या झोपेत ती लवकर येऊन भिडते. उताणे निजण्याचा आग्रह एवढ्याचसाठी, की निद्रापक्षाघात त्या स्थितीत अधिक वेळा होतो असे आढळले आहे. मग अंग न हलवता, पण श्वास मोजीत मन जागे ठेवायचे. प्रथम बंद डोळ्यांपुढे ठिपके व रेषा तरळतात, पुढे अनोळखी चेहरे येऊन जातात, कानांत गुणगुण सुरू होते, आणि मग सर्वांगातून कंप वाहू लागल्याचा भास होऊन देह जड पडतो. येथे नवखा मनुष्य हातपाय झाडू पाहतो, आणि भय वाढून सारा प्रयत्न फसतो. जाणता साधक स्नायूंना कोणताही हुकूम देत नाही; तो कल्पनेतल्या देहाने कूस बदलतो, घरंगळत अंथरुणाबाहेर पडतो किंवा वर तरंगतो, आणि क्षणार्धात आपण खोलीत उभे आहोत असे त्यास दिसते. ती खोली स्वप्नातली आहे याची परीक्षा करण्याचा एक उत्तम उपाय म्हणजे लिहिलेला मजकूर वाचणे, नजर वळवणे, आणि पुन्हा वाचणे. स्वप्नात तोच मजकूर दुसऱ्या खेपेस बहुधा तसाच राहत नाही.

आता या रीतीच्या फलश्रुतीविषयी. निद्रापक्षाघात हुकमी आणवता येतो असे जे सांगितले जाते, त्यास संशोधनाचा आधार दुबळा आहे. जपानी संशोधक ताकेउची व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ निरोगी व्यक्तींना प्रत्येकी चार रात्री नेमक्या घटकेस उठवून तासभर जागे ठेवले व पुन्हा निजवले. पुन्हा निजताच रेम निद्रा लागण्याचे प्रमाण ७१.९ टक्के इतके मोठे असूनही निद्रापक्षाघात झाला तो एकूण सहा वेळा, म्हणजे दहातून एकदाही नाही. आणि हे, आलेखयंत्रे लावून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. दुसरा पुरावा स्टॅनफर्डचा : तेथे डोळ्यांच्या खुणेने सिद्ध झालेल्या ७६ सजग स्वप्नांपैकी सुमारे ७२ टक्के स्वप्नाच्या मध्येच सजग झाली होती, जागेपणाचा उंबरठा ओलांडून आलेली नव्हती. तेव्हा निद्रापक्षाघात हे सजग स्वप्नाचे एक दार आहे, पण ते मुख्य दार नव्हे, आणि ते बाहेरून ढकलून उघडण्याचा अट्टाहास करण्यासारखे तर नव्हेच.

या अट्टाहासाची किंमत झोपेत मोजावी लागते. खंडित झोप, अनियमित वेळा, जागरण आणि मानसिक ताण ही निद्रापक्षाघाताची जी ज्ञात कारणे, तीच साधक स्वतःवर ओढवून घेत असतो. कित्येक ठिकाणी तर मुद्दाम जागरणे करण्याचाही सल्ला दिला जातो, तो सर्वथा त्याज्य मानला पाहिजे. ज्याचे मन आधीच भयाने वा खिन्नतेने ग्रासलेले आहे, ज्यास भासांचा विकार झालेला आहे, किंवा ज्यास दुसऱ्या दिवशी वाहन वा यंत्र चालवायचे आहे, त्याने या वाटेस जाऊ नये. सजग स्वप्नच हवे असेल तर लाबर्ज यांची स्मरणसंकल्पाची पद्धती अधिक सौम्य आहे : रात्री जाग आली असता नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, त्यात आपण सावध झालो आहोत असे चित्र मनासमोर आणावे, आणि पुढच्या स्वप्नात ओळख पटवण्याचा संकल्प करीत झोपी जावे.

परंतु ज्यांस निद्रापक्षाघात न बोलावताच येतो त्यांची गोष्ट निराळी, आणि या विषयाचे खरे मोल त्यांच्याच बाबतीत आहे. ब्रायन शार्पलेस व जॅक बार्बर यांनी २०११ साली अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार सर्वसामान्य लोकांपैकी ७.६ टक्के व विद्यार्थ्यांपैकी २८.३ टक्के व्यक्तींना आयुष्यात एकदा तरी तो आलेला असतो. अशा मनुष्यास ही अवस्था निरुपद्रवी व अल्पकालीन आहे हे कळणे, धडपड थांबवून लक्ष एखाद्या सुखद आठवणीवर स्थिर करणे, आणि अंग सैल सोडणे, हा इलाज संशोधक बालंद जलाल यांनी सुचवला आहे. साधकांची रीत तिच्यातील अतिरेक वगळला तर याच्या अगदी जवळ येते. जी घटका पूर्वी केवळ भोगायची होती तीच स्वप्नात प्रवेश करण्याची संधी ठरते, आणि छातीवरच्या भुताचे भय ज्ञानाने जितके जाते तितके दुसऱ्या कशाने जात असेल असे वाटत नाही.

भारतीय परंपरेत जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुरीया या चार अवस्थांचा विचार मांडूक्य उपनिषदात आहे, पतंजलीने स्वप्न व निद्रा यांतील ज्ञान हे चित्ताच्या स्थैर्याचे एक आलंबन मानले आहे, आणि तिबेटी बौद्धांच्या नारोपाप्रणीत षड्योगांत स्वप्नयोगाची गणना होते. या साधनांत स्वप्नातील सावधपणास मान आहे. पण देहाचे जखडणे मुद्दाम ओढवून आणण्याची ही आधुनिक रीत त्यांच्या नावावर खपवली जाते ते योग्य नव्हे.

शेवटी एक सूचना. दिवसा अनावर झोप येत असेल, मनमोकळे हसताना वा एकाएकी राग आला असता गुडघे गळून पडत असतील, आणि त्याच्या जोडीस निद्रापक्षाघात वारंवार होत असेल, तर तो नार्कोलेप्सी या विकाराचा संभव असतो. अशा वाचकाने स्वप्नांचे सर्व प्रयोग बाजूस ठेवून निद्राविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.