बचाव आणि सूड : एक धोकादायक गल्लत

पेडणे-डिचोलीच्या बाजूला दरोड्याची बातमी आली की चहाच्या हॉटेलात निकाल ठरलेला असतो. पोलिसांचा भरवसा नाही, कायदा चोराच्या बाजूने आहे, तेव्हा घरात बंदूक हवी आणि चोर सापडला तर त्याला पोलिसांच्या ताब्यात देण्याआधी गावानेच त्याचा हिशेब करावा. हे मत गुंडांचे नाही. बागायतदार, शिक्षक, निवृत्त कारकून अशी सरळमार्गी माणसे ते मांडतात. नार्व्याच्या परिसरात तर त्याला इतिहासाचा आधारही दिला जातो. सप्तकोटेश्वराला पोर्तुगीजांपासून वाचवताना आपल्या पूर्वजांनी कुठल्या चौकीत अर्ज दिला होता, असा सवाल होतो. म्हणून हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेता येत नाही. त्याच्या एकेका कलमाचा विचार करायला हवा.

पहिले कलम असे, की आपला कायदा माणसाला स्वतःचा बचाव करू देत नाही. हे साफ खोटे आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खाजगी बचावाच्या हक्काचीच आहेत. जुन्या दंड संहितेत हीच तरतूद ९६ ते १०६ या कलमांत होती. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराचा आणि मालमत्तेचाही बचाव करण्याचा हक्क त्यांत आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड फेकण्याचा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही. दरोडा आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांतही हा हक्क तितकाच लांब जातो. मेकॉलेने १८३७ मध्ये त्या जुन्या संहितेचा मसुदा तयार केला तेव्हा या देशातली माणसे लुटारूंपुढे फार निमूटपणे मान तुकवतात, त्यांच्यात प्रतिकाराची वृत्ती जागवली पाहिजे, हा हेतू त्याच्या आयोगाने लिहूनच ठेवला होता.

न्यायालयांनीही हा हक्क आखडता घेतलेला नाही. दर्शन सिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, वडिलांवर धारदार शस्त्राने हल्ला होत असताना परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडणाऱ्या माणसाला निर्दोष सोडले. संकटात सापडलेला माणूस सोन्याच्या ताजव्यात तोलून घाव घालू शकत नाही आणि त्याने भेकडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, ही भूमिका त्या निकालात स्पष्ट आहे. बचावाचा पुरावा आरोपीने द्यायचा असला, तरी तो संशयातीत असावा लागत नाही. आपले म्हणणे संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते.

मग कायदा अडवतो कुठे? तो दोन ठिकाणी अडवतो. पोलिसांची किंवा सरकारी मदत घ्यायला अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागते त्याहून अधिक इजा करता येत नाही. दिवसाढवळ्या नारळ पाडणाऱ्या, हातात काही नसलेल्या भुरट्याला हुसकावता येते, धरता येते, प्रसंगी दोन ठेवूनही देता येतात. मात्र तो पळत सुटल्यावर त्याच्या पाठीत घातलेली गोळी बचाव ठरत नाही. ती शिक्षा झाली, आणि शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला नाही. धोका चालू असेपर्यंत बचाव, धोका टळल्यानंतर सूड. लोकमताने नेमकी ही रेघ पुसली आहे.

दुसरे कलम बंदुकीचे. गोव्यात बंदूक काही अपूर्वाईची वस्तू नाही. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे या भागांत पिकाच्या रक्षणासाठी परवान्याच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, आणि त्या काळात रानडुकरांनी, माकडांनी, गवेरेड्यांनी बाग उद्ध्वस्त केली तर आम्ही काय करायचे, असा शेतकऱ्यांचा प्रश्न असतो. तो रास्त आहे. गुन्ह्याची पार्श्वभूमी नसलेल्या बागायतदाराला सरसकट संशयित धरणे चूकच. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही परवान्यांची छाननी समितीमार्फत करावी असे आहे.

परंतु रानडुकरासाठीची बंदूक माणसावर रोखायची म्हटली की सगळे गणित बदलते. बंदूक बाळगणाऱ्या गावांना तिचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. रात्री रानात झुडूप हलले म्हणून झाडलेली गोळी सोबत्यालाच लागल्याच्या घटना सत्तरीत घडल्या आहेत. ज्यांचे डोळे अंधाराला सरावलेले, ज्यांना जनावराची चाल ओळखता येते, त्यांची ही गत होते. मग झोपेतून दचकून उठलेल्या घरधन्याला माजघरातल्या अंधारात चोर आणि उशिरा परतलेला पुतण्या यांतला फरक कितपत कळेल? शिवाय दरोडेखोर टोळीने येतात आणि घरात शस्त्र आहे हे कळले तर त्याहून मोठे शस्त्र घेऊन येतात. कपाटात कुलूप लावून ठेवलेली बंदूक वेळेवर हाती येत नाही, आणि उशाशी भरून ठेवलेली पोरांच्या हाती लागते.

रागाच्या भरात केलेला न्याय कुठे जातो याचे सत्तरीतलेच उदाहरण पाहा. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषाने मेलेली सापडली. वाघाने जनावरे मारली आणि भरपाई वेळेवर मिळत नाही, हे पशुपालकांचे गाऱ्हाणे होते. गाऱ्हाणे खरे असू शकते. पण वन्यजीव कायदासुद्धा, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतल्यावर सद्हेतूने जनावर मारले तर तो गुन्हा मानत नाही. मेलेल्या गुराच्या मांसात नंतर विष कालवणे यात बसत नाही. वाघ गेले, माणसे तुरुंगात गेली आणि भरपाईची ढिलाई होती तिथेच राहिली.

तिसरे कलम जमावाचे. जमावाचा न्याय झटपट असतो, असे म्हणतात. तो झटपट असतो हे खरे, न्याय असतो का हे पाहू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून गावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षेवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले, तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत. दोन्ही ठिकाणी जमावाला आपण गावाचे रक्षण करतो आहोत याची पुरेपूर खात्री होती. मेलेल्यांपैकी एकानेही मूल पळवले नव्हते.

यावर हमखास नागपूरचा दाखला पुढे येतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला न्यायालयाच्या आवारातच संपवले. तिथे माणूस चुकला नव्हता, आणि बायकांच्या तक्रारी पोलिसांनी कानाआड केल्या होत्या. त्या बायकांना दोष देताना कोणाचीही जीभ अडखळेल. तरी त्या घटनेतून सिद्ध काय झाले? खटला १० वर्षे रेंगाळला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. ज्यांनी तक्रारी नोंदवल्या नाहीत त्यांना जाब विचारण्याचा मुद्दा मात्र टाळ्यांच्या कडकडाटात बुडाला. नागपूरचा धडा पोलिसांच्या निष्क्रियतेविरुद्धचा आहे. त्याला जमावाच्या बाजूचे प्रमाणपत्र बनवणे म्हणजे त्या बायकांची मूळ तक्रार दुसऱ्यांदा कानाआड करणे होय.

आता या मताच्या मुळाशी असलेला अविश्वास. तो अकारण आहे असे कोण म्हणेल? २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या परदेशी मुलीचा मृत्यू पोलिसांनी आधी बुडून झाल्याचे सांगितले. आईने पिच्छा सोडला नाही म्हणून तपास फिरला, आणि दोषसिद्धी उच्च न्यायालयात २०१९ साली झाली. डिसेंबर २०२४ मध्ये जमीन हडप प्रकरणातला आरोपी गुन्हे शाखेच्या कोठडीतून पळाला, तेव्हा पहाऱ्यावरचा शिपाईच त्याच्यासोबत होता. असे असताना विश्वास ठेवा म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही.

मात्र याच अविश्वासाचा तर्क शेवटापर्यंत कोणी नेत नाही. जे पोलिसांवर साधा पंचनामा नीट लिहिण्याचा भरवसा टाकायला तयार नाहीत, तेच चकमकीची बातमी आली की पेढे वाटतात. ज्याच्या लेखणीवर विश्वास नाही त्याच्या पिस्तुलावर तो कसा बसतो? २०१९ च्या हैदराबाद चकमकीवर देशभर फुले उधळली गेली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची कहाणी अविश्वसनीय ठरवली. मुंबईतल्या २००६ च्या लखनभैया चकमकीत उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एकेकाळच्या नामांकित 'चकमकफेम' अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. पोलीस लाच खातात, आरोपी पळवतात, तपास बिघडवतात हे मान्य असेल, तर त्यांच्या प्रत्येक कृतीचा पुरावा मागायला हवा. अविश्वासातून निघणारा तर्कशुद्ध निष्कर्ष अधिक देखरेखीचा आहे. मोकळा हात द्या, हा त्याच्या अगदी उलट निष्कर्ष आहे, मग तो हात पोलिसाचा असो की जमावाचा.

राहिला इतिहास. १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी सप्तकोटेश्वराचे दिवाडीचे देऊळ मोडले तेव्हा भक्तांनी देव नदीपार नार्व्याला आणून वाचवला. तो बचाव होता, आणि निखळ बचाव होता. पण त्या देवाचे देऊळ पुन्हा उभे राहिले ते १६६८ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने. रयतेच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी राजसत्ता आली तेव्हा देवाला स्थैर्य मिळाले. दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंडही परक्या राजवटीच्या जुलुमाविरुद्ध होते. आपण निवडलेल्या सरकारला जाब विचारण्याचे सोडून शेजारच्या वस्तीतल्या संशयितावर हात उगारणाऱ्याने राण्यांचे नाव घेऊ नये.

तर मग करायचे काय? जिवावर बेतले तर बिनदिक्कत बचाव करावा, कायदा पाठीशी आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांकडे द्यावे लागते. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती लेखी अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पोलिसाविरुद्धच्या गाऱ्हाण्यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. हे मार्ग संथ आहेत, कबूल. ते वेगवान व्हावेत म्हणून प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच आदेश दिले. अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत मिळावी, बदल्यांतला राजकीय हस्तक्षेप थांबावा, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे व्हावे. मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला यातले किती झाले हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

ग्रामसभेत रस्त्यावरच्या दिव्यावर आपण तासभर भांडतो. आपल्या ठाण्यात किती तक्रारी नोंदल्या गेल्या, किती परत पाठवल्या गेल्या आणि रात्रीची गस्त कुठवर येते, याचा हिशेब तिथेच मागावा. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज लिहिण्याआधी हा एक अर्ज लिहा.