सरकारखर्चाचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो खरे. पण फौजदारी खटल्यात पायरी चढायची की नाही, हे आपल्या हाती कुठे असते? शिपाई येतो, धरून नेतो, आणि माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. तिथली भाषा निराळी, रीत निराळी. गाठीला वकिलाच्या फीचा पैसा नसेल तर त्याच्या बाजूने बोलायचे कोणी?

इंग्रजी अमदानीतल्या १८९८ च्या फौजदारी कायद्याने आरोपीला वकील देण्याची मुभा दिली होती. पण ती कशी? ज्याला परवडेल त्याने द्यावा, अशी. पुढे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात हा हक्क मूलभूत म्हणून नोंदला गेला, तरी फी कोणी भरायची हा सवाल तसाच राहिला. १९५१ साली हैदराबाद राज्यातल्या फाशीच्या कैद्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे गाऱ्हाणे नेले, की आम्हांला वकील मिळाला नाही. न्यायालय म्हणाले, केवळ तेवढ्यावरून खटला रद्दबातल होत नाही. आज हे ऐकून नवल वाटते.

खुनाच्या खटल्यात गरीब आरोपीस सरकारखर्चाने वकील देण्याचा नियम मात्र काही राज्यांत होता. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात तो पाळलाही गेला, पण कसा ते पाहा. ज्या दिवशी सुनावणी सुरू व्हायची, त्याच दिवशी वकील नेमला. कागद वाचायला सवड नाही, आरोपीशी धड बोलणे नाही, आणि लागलीच मुख्य साक्षीदारांच्या साक्षी सुरू! आरोपीला फाशीची शिक्षा झाली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली व खटला नव्याने चालवायला सांगितला. तयारीला वेळच दिला नाही तर वकील दिला काय आणि न दिला काय, दोन्ही सारखेच, असा त्या निकालाचा आशय. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निकाल हाच. गाजला मात्र कमी.

१ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी संहिता आली आणि सेशन कोर्टात निर्धन आरोपीस वकील देणे कोर्टावर बंधनकारक झाले. १९७६ साली घटनेत ३९-अ हे मोफत कायदेशीर मदतीचे कलम घातले गेले. १९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले, की गरीब कैद्याला अपिलासाठीही वकील मिळाला पाहिजे आणि निकालाची नक्कल फुकट मिळाली पाहिजे. गंमत अशी, की ज्या कैद्याच्या अर्जावर हे ठरले, त्याचा अर्ज मात्र फेटाळला गेला.

आता अरुणाचलची हकीकत. तिथल्या एका सरकारी नोकराला धमकी दिल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. वकील नव्हता, उलटतपासणी त्याला जमली नाही. हायकोर्ट म्हणाले, त्याने वकील मागितलाच नव्हता! १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भगवती यांनी शिक्षा रद्द केली. खेड्यातली पुष्कळ माणसे निरक्षर. हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार काय? तेव्हा आरोपीला ते सांगण्याची जबाबदारी न्यायाधीशाची.

१९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरात अंमलात आला, आणि तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समितीची सोय झाली. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेला कोणीही, यांचे उत्पन्न तिथे विचारीत नाहीत. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. गुरुजींनी एखाद्याचा अर्ज लिहून दिला तर उत्तमच. गुरुजी गाठ पडले नाहीत तरी अडत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे, समितीत ते उतरून घेतात आणि खाली अंगठा घेतात.