मुक्त शर्करा

मुक्त शर्करा म्हणजे अन्नपदार्थ किंवा पेये तयार करताना उत्पादकाने, आचाऱ्याने अथवा खाणाऱ्याने त्यांत घातलेली एकशर्करा व द्विशर्करा, तसेच मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला फळरस यांत नैसर्गिकरीत्या असलेली शर्करा होय. अखंड फळे व भाज्यांतील आणि साध्या दुधातील शर्करेचा समावेश मुक्त शर्करेत होत नाही. मुक्त शर्करेचे अतिसेवन वजनवाढ व दंतक्षय यांच्याशी निगडित आहे.

शिफारस केलेली मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व बालकांच्या आहारातील एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मुक्त शर्करेपासून मिळावी. हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणल्यास अधिक लाभ संभवतो, असेही त्यांत सुचविले आहे. दररोज २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी या मर्यादा अनुक्रमे ५० ग्रॅम व २५ ग्रॅम होतात. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. त्यामुळे प्रत्येकी दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा घेतल्यास सुमारे ३२ ग्रॅम साखर पोटात जाते.

अखंड फळ आणि रस

साखर (सुक्रोज) ही ग्लुकोज व फ्रुक्टोज यांपासून बनलेली द्विशर्करा आहे. फळांतही हेच घटक असतात. परंतु अखंड फळात ते पेशीभित्तिकांनी वेढलेले असतात व त्यांच्यासोबत तंतुमय घटक आणि पाणी असते. फळ चावून खावे लागत असल्याने सेवनाचा वेग कमी राहतो आणि तृप्ती लवकर येते. १९७७ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सफरचंद अखंड, लगदा व रस अशा तीन रूपांत देण्यात आले. रस सर्वांत वेगाने संपला व त्याने तृप्ती सर्वांत कमी आली; शिवाय रसानंतर रक्तातील इन्शुलिनची वाढ अखंड फळापेक्षा अधिक आढळली.

ब्रिटनमधील व्याख्येत फळांच्या लगद्यातील शर्कराही मुक्त मानली जाते. आमरसासारख्या पदार्थाचे वर्गीकरण त्यामुळे कोणती व्याख्या स्वीकारली यावर अवलंबून राहते.

गूळ, मध व इतर पर्याय

गूळ हा साखरेला आरोग्यदायी पर्याय आहे, असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. गुळात लोह व इतर खनिजे काही प्रमाणात असली, तरी त्याचा बहुतांश भाग सुक्रोजचाच असतो. म्हणून गूळ, काकवी, मध आणि उसाचा रस यांची गणना मुक्त शर्करेतच होते. साखरेऐवजी तेवढाच गूळ वापरल्याने मुक्त शर्करेच्या सेवनात विशेष घट होत नाही.

कॅलरीविरहित गोडी आणणारे पदार्थ वजन नियंत्रणाचे साधन म्हणून वापरू नयेत, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना लागू नाही.

गोडीचे अखंड स्रोत

गोड खाण्याची इच्छा भागविण्यासाठी केळे, चिकू, पेरू, सीताफळ, अंजीर व मोसंबी ही फळे उपयोगी ठरतात. पालघर जिल्ह्यातील घोलवडचा चिकू आणि पुरंदरचे अंजीर यांना भौगोलिक मानांकन प्राप्त आहे. उपवासाला खाल्ले जाणारे रताळे मंद आचेवर भाजताना त्यातील विकरामुळे स्टार्चचे माल्टोजमध्ये रूपांतर होऊन अधिक गोड लागते. मात्र तेच रताळे पाकात घोळल्यास त्यात मुक्त शर्करेची भर पडते. खिरीत किंवा लाडवात साखरेऐवजी बिया काढून वाटलेला खजूर वापरता येतो. वेलदोडा, जायफळ व दालचिनी यांच्या सुगंधामुळे कमी साखरेतही पदार्थ पुरेसा गोड भासतो.

गोडीची सवय

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही महिने कमी शर्करेचा आहार घेतलेल्या व्यक्तींना तेच पदार्थ पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागले. त्यांची आवड मात्र तेवढी बदलली नाही. आहार पूर्ववत झाल्यावर हा परिणामही ओसरला. त्यामुळे चहातील साखर टप्प्याटप्प्याने कमी करणे व तो बदल टिकविणे महत्त्वाचे ठरते.

भारतात वेष्टनावरील पोषणविषयक माहितीत एकूण शर्करा व वरून घातलेली शर्करा वेगवेगळी नोंदविण्याची तरतूद आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली संलग्न शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्याचे निर्देश दिले.

दक्षता

सुक्या खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. मनुका व सुके अंजीरही शर्करायुक्त असून दातांना चिकटतात. म्हणून त्यांचे प्रमाण मर्यादित ठेवणे आवश्यक असते. एक वर्षाखालील बालकांना बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे मध देत नाहीत. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा अचानक घटल्यास तातडीचा उपाय म्हणून साखर किंवा ग्लुकोजच लागते. अशा व्यक्तींनी आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्याने करणे योग्य ठरते.

हेही पहा

साखर
गूळ
मधुमेह
दंतक्षय
तंतुमय पदार्थ